पश्चात्तापाचा बुधवार

वीस नोव्हेंबर १९५७ रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चिंतामणी तळपदे यांना आपली चूक कळली.

बॅलार्ड पिअरवरच्या एका जर्मन बोट कंपनीने त्यांच्या विनंतीवरून तीन वर्षांची कॅलेंडरे पाठवली होती. पाकीट फोडून त्यांनी ती टेबलावर शेजारी शेजारी मांडली. सुट्ट्यांचे आकडे लाल होते. यंदाच्या नोव्हेंबरात लाल आकडा वीसचा होता. एकवीस काळा. त्यांनी गेल्या वर्षीचे कॅलेंडर जवळ ओढले. तिथे एकवीस लाल होता. त्याच्या आधीच्या वर्षी सोळा. तिन्ही आकड्यांचा वार एकच, बुधवार.

'दैनिक नवघोष'च्या गिरगावातल्या कचेरीत तळपदे गेली नऊ वर्षे 'आज कुठे काय' हे सदर लिहीत. दुसऱ्या पानाच्या तळाला आठ ओळी. जगात त्या तारखेला कुठे काय पाळतात, एवढाच मजकूर. जपानात तुटलेल्या सुयांचा एक दिवस असतो, त्या दिवशी निकामी सुया मऊ पदार्थात टोचून त्यांना विश्रांती देतात, अमेरिकेत एका दिवशी बिळातल्या प्राण्याला सावली दिसते का हे पाहायला गाव जमते, असल्या गोष्टी. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात तारखेवार लावलेल्या तीनशे सहासष्ट चिठ्ठ्या. नियम एक: दोन ठिकाणांहून खातरजमा झाल्याशिवाय चिठ्ठीवर शाईने लिहायचे नाही. तोवर पेन्सिल.

एकवीस नोव्हेंबरच्या चिठ्ठीवर शाईने लिहिले होते: 'पश्चिम जर्मनी. पश्चात्तापाचा दिवस. सार्वजनिक सुट्टी. लोक प्रार्थनामंदिरात जाऊन वर्षातल्या चुकांची कबुली देतात.'

गेल्या वर्षी हाच मजकूर छापून आला होता. त्या दिवशी फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराला एक वर्ष झाले होते. पहिल्या पानाला काळी चौकट होती, आत हुतात्म्यांवर अग्रलेख होता, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी ही ओळ. वाचकांना वाटले, सरकारला हाणलेला टोला आहे. दादरच्या एका सभेत ती ओळ व्यासपीठावरून वाचून दाखवली गेली आणि टाळ्या पडल्या. तळपद्यांच्या मनात टोला वगैरे काही नव्हते. चिठ्ठी निघाली, मजकूर दिला, एवढेच.

आणि आता कळत होते की तो दिवस तारखेला चिकटलेलाच नाही.

तळपद्यांच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी पंचांग टांगलेले असे. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, गौरी कोणत्या दिवशी, यावरून दरवर्षी दोन जावांमध्ये वाद होत. सण सरकतात, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होते. पण ते आपले. साहेबाचा नाताळ पंचवीसला म्हणजे पंचवीसला. ईस्टर हलतो तो अपवाद म्हणून त्यांनी वेगळा ठेवला होता. बाकी साहेबाच्या दिवसांना खिळा ठोकलेला असतो, असे त्यांनी कधी कुणाला न विचारता धरून चालले होते. गेल्या वर्षी त्यांनी खातरजमा केली होती ती तारखेची. वाराची नाही.

ते उठले. पुन्हा बसले. कॅलेंडरांची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली. मग संपादकांच्या खोलीत गेले.

मनमोहन विजयकर टेलिफोनवर प्रतापगडच्या मोर्च्याबद्दल बोलत होते. खोलीत तीन माणसे उभी होती आणि तिघांनाही घाई होती. विजयकरांनी फोनवर हात ठेवून विचारले, "काय चिंतामणराव?"

"उद्याची जर्मनीची ओळ जाणार नाही. तो दिवस आज आहे."

विजयकरांनी फोन खाली ठेवला. "अहो, त्या एका ओळीने गेल्या वर्षी जे केलं ते माझ्या अग्रलेखाला जमलं नाही. लोक वाट बघताहेत तिची."

"चुकीची आहे."

"कोण जर्मन वाचतोय नवघोष?"

"मी वाचतो."

उभ्या असलेल्या तिघांपैकी एक जण हसला. विजयकर हसले नाहीत. "चोवीस तासांचा फरक, चिंतामणराव. इकडे माणसं मेली, आणि तुम्ही बुधवार-गुरुवार करताय."

"माणसं मेली त्याची तारीख आपण बरोबर छापतो. मग ही चुकीची का छापायची?"

विजयकरांनी पुन्हा फोन उचलला. "करा तुमचं. पण आठ ओळी भरून द्या म्हणजे झालं. जाहिरात नाहीये त्या जागेला."

तीन वाजता शिपायाने येऊन सांगितले की खाली एक माणूस बसला आहे, कॉटन ग्रीनहून आलाय म्हणतो, 'आज कुठे काय'वाल्या साहेबांनाच भेटायचं म्हणतो.

माणूस पंचेचाळिशीचा होता. खाकी सदरा धुऊन पांढुरका झालेला, खांद्यावर जिथे पट्ट्या असतात तिथे कापड गडद राहिलेले. तो उभा राहिला तेव्हा टाचा जुळल्या, आणि मग लक्षात येऊन त्याने एक पाय बाजूला घेतला.

"कुशाबा जगदाळे. कापसाच्या गोदामावर वॉचमन हाय." त्याने टोपीच्या आतून एक कात्रण काढले. घडीवर ते फाटत आले होते. "हे तुम्ही लिवलं न्हवं?"

"मीच."

"उद्या येनार ना परत?"

तळपद्यांनी कात्रण पाहिले. गेल्या वर्षीची ओळ. "का विचारता?"

कुशाबाने जिन्याकडे एकदा पाहिले आणि घाईघाईने, जणू ट्रॅम सुटते आहे अशा तऱ्हेने, सांगून टाकले. छप्पनच्या जानेवारीत तो पोलिसात होता. दंगलीत लालबागच्या नाक्यावर गोळीबाराचा हुकूम झाला तेव्हा तो रांगेत होता. तिथे आनंदा नावाचा करी रोडचा एक मुलगा पडला, एकोणीस वर्षांचा, गिरणीत बदली कामगार. पावसाळ्यात कुशाबाने नोकरी सोडली. मग हे कात्रण हाती आले. त्याच संध्याकाळी तो पेपर घेऊन आनंदाच्या आईच्या, राधाबाईंच्या, दारात गेला होता.

"तिनं दार लावून घेतलं. आतून म्हनाली, तो दिवस दरवर्षी येतो न्हवं त्यांच्याकडं? मग पुढल्या वर्षी पेपरात येईल तेव्हा ये." त्याने कात्रण हळू घडी केले. "सायेब, ती म्हनाली ये. येऊ नको असं न्हाई म्हनाली. एक वर्ष मोजलंय मी. तिची लेक रोज हाच पेपर वाचते. उद्या आलं न्हाई तर ती म्हनंल, आलं न्हाई पेपरात. मग मी कशाच्या जोरावर जाऊ?"

ओळ छापली तर ती चूक आहे याची टोचणी फक्त एका माणसाला लागणार होती, आणि तो माणूस म्हणजे तळपदे स्वतः.

"उद्या येणार नाही," ते म्हणाले. "तो दिवस उद्या नाही. आज आहे."

"आज?"

त्यांनी वर नेऊन तीन कॅलेंडरे दाखवली. कुशाबाने लाल आकड्यांवरून बोट फिरवले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. तीन वाजून वीस मिनिटे.

"किती वाजेपर्यंत असतो?"

तळपद्यांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "दिवसभर. म्हणजे... ते लोक प्रार्थनेला जातात. तसा रात्री बारापर्यंत."

"मग आजच जायला पायजे." पण तो हलला नाही. "मी एकला गेलो आणि म्हनालो की आज हाय, तर कोन ऐकनार? म्हनतील, याला उद्याच्या गर्दीची भीती वाटली म्हनून आज आलाय. तुमी चला. तुमी छापलंय."

"मला सात वाजेपर्यंत..." तळपदे म्हणाले आणि थांबले. सात वाजेपर्यंत द्यायचा होता तो आठ ओळींचा मजकूर. बाकी काही नाही.

त्यांनी डबा उघडला. एकवीसच्या चिठ्ठीमागे आणखी एक पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती. कापसाच्या व्यापारातल्या एका ग्रीक गृहस्थाने सांगितलेली. दुसरी खातरजमा गेल्याच महिन्यात एका पाद्र्याकडून झाली होती, शाई चढवायची राहिली होती. ग्रीसमध्ये या तारखेला अर्धी पेरणी झाल्याचा दिवस पाळतात. घरातली सगळी धान्ये एकत्र शिजवून शेजाऱ्यांना वाटतात. त्यांनी ती सहा ओळींत लिहिली. उरलेल्या दोन ओळींत लिहिले: 'पश्चिम जर्मनीतील पश्चात्तापाचा दिवस ठरावीक तारखेस नसून ठरावीक बुधवारी असतो. यंदा तो काल झाला.'

कंपोझिंगच्या खोलीत रघु फोरमनने कागद वाचला. "काल झाला? मग आज सांगून काय फायदा तळपदेसाहेब?"

"लाव तू."

"दोन ओळी वाया."

"लाव रे बाबा."

पावणेचारला ते दोघे बाहेर पडले. दोन ट्रॅम बदलाव्या लागल्या. पहिल्या ट्रॅममध्ये कुशाबा बसायला तयार नव्हता. दांडा धरून उभा राहिला आणि दर थांब्याला वाकून रस्ता पाहत राहिला. दुसरी ट्रॅम भायखळ्याच्या पुढे अडकली. पुढे लाकडी मंडप उभा राहत होता आणि दोन बांबू रुळांवर आले होते. मंडळाची पोरे ओरडत होती, कंडक्टर ओरडत होता. काळ्या कापडाचे तागे फुटपाथवर उलगडलेले होते आणि दोन बायका मापाने ते फाडत होत्या.

"उद्याचं हाय," कुशाबा म्हणाला. त्याने टोपी खाली ओढली.

"इथे ओळखतात तुम्हाला?"

"ओळखत्यात की. बोलत न्हाईत. दूधवाला पन बोलत न्हाई. म्हनून तर कॉटन ग्रीनला खोली घेतली. तिथं कापूस काय बोलत न्हाई." तो स्वतःच हसला. थोड्या वेळाने म्हणाला, "पाठ केलंय मी सायेब. काय बोलायचं ते. चार वाक्यं हायेत."

"म्हणून दाखवा."

"तिच्याम्होरंच म्हनीन. एकदाच म्हनता येतं ते."

करी रोडच्या चाळीत ते पोचले तेव्हा पाच वाजायला आले होते. पहिली पाळी सुटून तास-दीड तास झाला होता. गॅलरीत ओल्या साड्या, दाराशी चपलांच्या रांगा. दुसऱ्या मजल्यावर आनंदाच्या घरच्यांचे दार उघडे होते. तळपदे आधी पुढे झाले. कुशाबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला, एक पाय वर, एक खाली.

दारात एक विशीची मुलगी तांदूळ निवडत होती. "कोण पाहिजे?"

"राधाबाई. मी नवघोषमधून आलोय. तळपदे."

"आई, पेपरवाले." मग तिने त्यांच्या मागे पाहिले आणि सूप खाली ठेवले. "हा कशाला आलाय?"

राधाबाई आतून आल्या. गिरणीतून आल्यावर केस विंचरलेले नव्हते. त्यात कापसाचे बारीक तंतू होते. खोलीच्या कोपऱ्यात, जिथे देव असतात, ती फळी रिकामी होती. भिंतीवर फक्त एक तसबीर आणि खाली पांढऱ्या फुलांचा ताजा हार.

"एक वर्ष झालं वाटतं," त्या कुशाबाकडे पाहून म्हणाल्या. "उद्या व्हायचंय की."

तळपद्यांनी खाकरून सुरुवात केली. जर्मनीतला तो दिवस. तारीख नाही, वार. गेल्या वर्षी एकवीसला आला कारण बुधवार एकवीसला होता. यंदा आज. चूक माझी. त्यांनी कॅलेंडरसुद्धा उलगडले. कांता, म्हणजे ती मुलगी, वाकून पाहू लागली. राधाबाईंनी पाहिले नाही.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आम्ही गेल्या साली दीक्षा घेतली. देव काढले, वार काढले, उपास काढले. सोमवार गेला, शनिवार गेला. आता तुम्ही मला परक्या मुलखाचा बुधवार आणून देताय होय?"

तळपदे कॅलेंडर गुंडाळू लागले. "तुम्ही त्यांना म्हणाला होता..."

"म्हणाले होते. तो जावा म्हणून म्हणाले होते. कुत्र्याला उद्या ये म्हणतात तसं." त्यांनी कुशाबाकडे पाहिले. "आणि हा बारा महिने धरून बसला. काय रे?"

कुशाबा अजून पायरीवरच होता. "व्हय."

"मग ये वर. काय सांगायचंय ते सांग. पेपर नको, कॅलेंडर नको. तुझं तू सांग."

गॅलरीतली दोन-तीन दारे उघडली. कुणी तरी म्हणाले, "अरे, हा तोच." राधाबाईंनी तिकडे हात केला, आणि दारातली माणसे दारातच थांबली.

कुशाबा वर आला आणि उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. टोपी काढली. "मी त्या दिवशी रांगेत होतो," तो म्हणाला. मग थांबला. ओठ हलत होते. "हुकूम कमरेखाली मारायचा होता. मी... दोन गोळ्या..." त्याने कपाळावरून हात फिरवला. "बाई, पाठ केलं होतं. गेलं सगळं."

"पाठ नको. मी विचारते, तू सांग." राधाबाई खाली बसल्या. "माझा पोरगा गर्दीत होता का?"

कुशाबाने मान वर केली.

"उद्या चौकात नावं वाचतात, जानेवारीतल्यांचीही. गेल्या साली पुढारी म्हणाला, आनंदा झेंडा हातात घेऊन पडला. टाळ्या झाल्या. पण हॉस्पिटलात मी त्याची मूठ उघडली तेव्हा आत या खोलीची किल्ली होती. झेंडा नव्हता. आता किल्ली हातात धरून झेंडा धरता येतो का, मला माहीत नाही. तो कुलूप लावून कुठे निघाला होता, पुढे धावत होता का मागे पळत होता, कुणी मला सांगत नाही. सगळे म्हणतात झेंडा. तू समोर होतास. तूच बघितलं असशील."

कांता उभी राहून ऐकत होती. तिच्या हातातले तांदळाचे चार दाणे पडले.

तळपदे कुशाबाकडे पाहत होते. एका शब्दात सगळे मिटले असते. गर्दीत नव्हता, कोपऱ्याला उभा होता, घरी परतत होता: काहीही सांगितले असते तर ते खोटे आहे हे कुणालाही ठरवता आले नसते. बाईंच्या चेहऱ्यावरून कळत होते की त्या कोणतेही उत्तर घेतील.

"मला दिसला न्हाई," कुशाबा म्हणाला.

"समोर होतास ना?"

"समोर होतो. पहिली गोळी मारली आन् मी डोळे मिटले. दुसरी मिटल्या डोळ्यांनी झाडली. ती कुठं गेली मला ठाव न्हाई. पहिली रस्त्यात लागली, धूळ उडाली, ते बघितलं. दुसरी न्हाई बघितली." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "मी पंधरा वर्षं पोलिसात होतो बाई. निशान्याला माझं नाव होतं. आन् मी डोळे मिटले. साहेबाला बी सांगितलं न्हाई. कुनालाच न्हाई. हेच सांगायचं होतं. बाकीची तीन वाक्यं उगाच होती."

खाली नळाखाली बादली भरून वाहत होती. ती कुणीतरी सरकवली.

कुशाबाचा आवाज बसला होता. "पानी मिळंल का?"

कांताने आईकडे पाहिले. राधाबाईंनी मान हलवली नाही.

"खाली नळ आहे," त्या म्हणाल्या. "तो चाळीचा आहे, कुणालाही चालतो."

कुशाबाने मान डोलावली. तो जाऊ लागला तशा त्या म्हणाल्या, "थांब. बोलणं संपलं नाही माझं."

तो थांबला.

"उद्या चौकात ये."

गॅलरीतून एकदम दोन-तीन आवाज आले. "राधाबाई, काय बोलताय? लोक फाडतील त्याला." "उद्याच्या दिवशी?"

"तुम्ही गप्प बसा रे," राधाबाई म्हणाल्या. "उद्या तो पुढारी परत झेंडा म्हणेल. मला तो झेंडा नको. झेंडा असेल तर असू दे, माझी काही हरकत नाही. पण मला माहीत नसताना दुसऱ्यानं कुणी सांगू नये. ज्यानं गोळी झाडली त्यालाच दिसलं नाही, मग यांना कुठून दिसलं? हे तू सांगायचं. आनंदाचं नाव वाचलं की पुढे यायचं आणि आत्ता बोललास तेवढं बोलायचं. जास्त नाही. माफी वगैरे मागायची नाही. डोळे मिटले होते, एवढं."

कुशाबा म्हणाला, "मारतील मला."

"मारतील कदाचित. मी काय सांगू?"

"बाई, तुमी काय म्हनाल त्यांना?"

"मी काही म्हणणार नाही. मी तिथे उभी असते. आईला पुढे उभं करतात. तुला ज्या बाजूला उभं राहायचं असेल त्या बाजूला राहा."

तळपद्यांनी घड्याळ पाहिले. साडेपाच. खाली, रस्त्याच्या पलीकडे, उद्याच्या लाउडस्पीकरची चाचणी सुरू झाली होती. एक जण पुन्हा पुन्हा एक-दोन-तीन म्हणत होता आणि प्रत्येक वेळी तीनला आवाज फाटत होता. कुशाबाने टोपी डोक्यावर ठेवली, काढली, शेवटी सदऱ्याच्या खिशात कोंबली. घाम त्याच्या कानामागून मानेवर आला होता. कात्रण त्याच्या हातात होते; त्याने ते तळपद्यांपुढे धरले. तळपद्यांनी ते घेतले, कारण दुसरे काय करावे ते त्यांना कळले नाही.

"येतो," कुशाबा म्हणाला. "किती वाजता?"

"साडेआठ," राधाबाई म्हणाल्या.

"आठला ये," कांता म्हणाली. ती पुन्हा सुपाशी बसली होती आणि त्याच्याकडे पाहत नव्हती. "साडेआठला भाषणं सुरू होतात. मग कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही."